कोकणात अस्सल पारंपरिक घर बांधायचं तर जांभा आणि मंगळुरी कौलं पुरेशी आहेत का?

तुम्ही प्रश्नाखाली दिलेला तपशील आधी थोडक्यात परत लिहितो, वाचणाऱ्यांना बरं पडेल. राजापूरकडे एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला आहे. पुण्याचा आर्किटेक्ट म्हणतो की आरसीसीचा (लोखंड-काँक्रीटचा) सांगाडा उभा करू, विटांच्या भिंतींना बाहेरून जांभ्याच्या पातळ चकत्या चिकटवू, उतरता स्लॅब ओतू आणि त्यावर मंगळुरी कौलं बसवू. याला अस्सल कोकणी घर म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही म्हणता येणार. झालं उत्तर. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण 'अस्सल कोकणी घर' हे तीन शब्द एकत्र आले की मला २०१९ चा गणपती आठवतो आणि बीपी वाढतं.

आमचं घर राजापूर तालुक्यातच, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) खाली. मी गावात राहतो, आंबा-काजूचं बघतो, तालुक्याला एका दुकानाचे हिशेब लिहितो. घर सामाईक आहे. घरपट्टीच्या पावतीवर अजून आजोबांचं नाव, हक्क सांगणारे अकरा, बारा महिने राहणारे आम्ही चौघं. अकरांतले सगळ्यात मोठे अण्णा, माझे चुलतभाऊ, डोंबिवलीला असतात. माणूस वाईट नाही. विहिरीत पोहायला मला त्यांनीच शिकवलं.

छप्पर पडवी धरून अडीच हजार कौलांचं. (चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरतात, तुमच्या घराचा हिशेब तुम्ही करा.) दर वर्षी वैशाखात ती चाळायची. वाडीत एक म्हातारे होते, ते आमचं, शेजाऱ्यांचं, देवळाचं, सगळ्यांचं छप्पर करायचे. अनवाणी चढायचे. खालचा वासा दिसत नसला तरी पाय बरोबर वाशावरच पडायचा. एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे. खणखणलं तर परत जागेवर, भद्द वाजलं तर खाली माझ्याकडे. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात लपत नाही. मी खाली उभा राहून चांगल्या कौलांवरचं शेवाळ नारळाच्या सोडणाने घासायचो आणि फुटक्यांचा ढीग लावायचो. दोन दिवसांचं काम, दोन्ही दिवस त्यांना दुपारी आमच्याकडे जेवण आणि वर मजुरी. २०१६ नंतर गुडघ्यांमुळे त्यांनी चढणं सोडलं. एक मुलगा विरारला, एक नालासोपाऱ्याला. दोघांनाही शिडीची भीती वाटते.

आणि मग माकडं. पुण्याच्या आर्किटेक्टने नकाशात सूर्य कुठून उगवतो, वारा कुठून येतो ते दाखवलं असेल. माकडं कुठून येतात ते दाखवलं का? आमच्याकडे ती फणसावरून थेट आढ्यावर येतात. आढ्यावरून पळापळी, मग पडवीवर धपाधप. एका दुपारी चाळीस-पन्नास कौलं गेली असं दोनदा झालं. फुटलेलं दिसलं तर बदलता येतं. अर्धवट सरकलेलं दिसत नाही, ते जूनमध्ये कळतं. रात्री दोन वाजता आई उठून टोप, पातेली, शेवटी कळशीसुद्धा मांडायची, आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. एका पावसात दोन मण न कांडलेलं भात भिजलं. त्याला मोड आले होते. तो वास अजून नाकात आहे.

मार्च २०१९ मध्ये मी पडवीवरची कौलं तेवढी ठेवली आणि बाकी छप्पर उतरवून पत्रा घातला. निळा. लाल शिल्लक नव्हता.

गणपतीला अण्णा आले. अंगणात उभे राहिले, हातातली बॅग खाली न ठेवता वर बघितलं आणि पहिलं वाक्य, "अरे, घराची पोल्ट्री केलीस!"

त्या रात्री आरतीनंतर ओटीवर जे भांडण झालं ते सगळं लिहीत नाही. सामाईक घराला हात लावायच्या आधी विचारायला हवं होतं, हा त्यांचा एक मुद्दा बरोबर होता. फोन केला असता तर "थांब, मे महिन्यात सगळे बसून ठरवू" असं उत्तर मिळालं असतं आणि जूनमध्ये टोप मांडायला आईच होती, म्हणून केला नाही. पण अण्णांना विचारलं नाही याचा राग कमी आणि 'घराचा आत्मा गेला' याचा जास्त. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी घराचा जुना फोटो टाकला, खाली लिहिलं 'आपण आपली ओळख पुसली'. नऊ जणांनी रडकी तोंडं टाकली. पत्र्याचे पैसे किती झाले, असं एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माजघरातल्या फरशीवरून सुरू. "काकी, सारवलेल्या जमिनीची मजाच वेगळी होती हो." आई मोदकाच्या उकडीला पाणी ठेवत होती. मान न वळवता म्हणाली, "मग राहा आठ दिवस. शेण गोठ्यात आहे. सोमवारी तू सारव, गुरुवारी मी." अण्णा हसले. त्यांना वाटलं आई गंमत करते आहे. आईने चाळीस वर्षं ते माजघर वाकून सारवलंय आणि आता तिला सरळ उभं राहताना भिंत धरावी लागते.

आता त्या 'ओळखी'बद्दल. हे जरा नीट वाचा, कारण तुमच्या आर्किटेक्टच्या सादरीकरणात हे नसणार.

आमचे पणजोबा कूळ होते. चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्याच्या दगडाच्या) भिंती, कौलं, कोरलेले खांब, ओटीवर झोपाळा हे खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं घर. आमचं मातीच्या भिंतींचं, वर गवत. वाडीतली सगळीच तशी. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि पुढे कुळकायद्याने जमीन नावावर झाली तेव्हा कुठे आजोबांना वाटलं की आपण घरात पैसे घालावेत. तोवर उद्या उठवलं तर काय, ही धास्ती. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईत गिरणीत होता. त्याच्या मनीऑर्डरी साठवून १९६१ साली चिरे काढले आणि कौलं आणली. आजी सांगायची, कौलं गलबतातून जैतापूरला उतरली आणि तिथून काही बैलगाडीने, शेवटची चढण डोक्यावरून. उतरवलेल्या काही कौलांवर अजून छाप आहे, इंग्रजी अक्षरं झिजून 'मंगलोर' एवढंच वाचता येतं.

म्हणजे रिसॉर्टवाले ज्याला 'पारंपरिक कोकणी घर' म्हणतात ते दहातल्या एकाचं घर होतं. बाकी नऊ घरं मातीची होती, ती पावसात विरघळली, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

आणि मंगळुरी कौल तरी कुठलं पुरातन? बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनने १८६५ साली मंगळूरला पहिला कारखाना काढला. डोकं प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याचं, माती नेत्रावतीच्या काठची, आणि हेतू धर्मांतर केलेल्या लोकांना रोजगार मिळावा हा. एकात एक अडकणारं ते चपटं कौल युरोपातलं. त्याआधी आपल्याकडे ज्यांना परवडायचं त्यांच्या घरावर कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं असायची. तेव्हा गावोगावचे कुंभार नाराज झाले असतील, पण त्यांचा ग्रुप नव्हता.

आजी आणखी एक सांगायची. कौलं चढली त्या पहिल्या उन्हाळ्यात पणजोबा नव्या घरात झोपलेच नाहीत. म्हणाले, तापतं. गवताखाली असं होत नव्हतं. मे संपेपर्यंत मांगरात (शेतावरच्या खोपटात) झोपले. नातेवाइकांत जाऊन सांगायचे की पोराने घराची भट्टी केली. अण्णांचं ते 'पोल्ट्री केलीस' ऐकलं तेव्हा मला हे आठवलं नाही. सहा महिन्यांनी आठवलं, आणि तेव्हा ऐकवायला समोर कोणी नव्हतं. म्हणून तुम्हाला ऐकवतोय.

लॉकडाऊननंतर अण्णांनी गावाच्या वेशीवर स्वतःचं घर बांधलं, होमस्टे म्हणून. फलकावर 'अस्सल कोकणी अनुभव'. मुंबईचा आर्किटेक्ट होता, भला माणूस, माझ्याकडे दोनदा चहाला आला आणि घराची मापं घेऊन गेला. तयार झालेल्या घरात पुढे गोव्याच्या घरांसारखा बाल्कांव आहे, समोरासमोर दोन सिमेंटची बाकं. मध्ये केरळच्या नालुकेट्टू घरांसारखा चौक आणि खांब. खाली तामिळनाडूच्या चेट्टिनाडमधून मागवलेल्या आत्तंगुडी फरश्या, हाताने केलेल्या, दिसायला फार सुंदर, मी खोटं बोलणार नाही. बाहेरून जांभ्याच्या चकत्या. वर उतरता स्लॅब आणि सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली कौलं. म्हणजे तुमच्या आर्किटेक्टने सुचवलंय तेच.

काय झालं ते सांगतो. जांभा पाणी पितो. भरीव चिऱ्याची नऊ इंची भिंत प्यायली तर उन्हात परत सोडते. वीस मिलिमीटरची चकती प्यायली की पाणी मागच्या मसाल्यात जाऊन बसतं. पश्चिमेच्या भिंतीवरच्या चकत्या दुसऱ्या पावसाळ्यात फुगल्या, तिसऱ्यात एक-एक सुटायला लागल्या. स्लॅबवरच्या कौलांचंही तेच. साध्या कौलारू छपरात रिपेवर (लाकडी पट्टीवर) कौल टेकलेलं असतं, खाली मोकळी हवा, गरम हवा फटींतून निघून जाते, भिजलेलं कौल दोन्ही बाजूंनी वाळतं. मसाल्यात चिकटवलं की कौल फक्त दागिना. दिवसभर स्लॅब तापतो, रात्रभर तो ताप खोलीत सोडतो, आणि कौलाखाली शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट नाही. गळतं कुठून ते शोधायचं तर सगळी कौलं फोडायची. शेवटी अण्णांनी कोकणात सगळे करतात तेच केलं. वर अँगल उभे करून शेड टाकली. पत्रा मात्र कौलाच्या आकाराचा छापलेला, लाल. लांबून फोटोत कळत नाही.

मी हसलो नाही. म्हणजे त्यांच्या समोर हसलो नाही.

आता तुमच्या कामाचं. माझ्या मते कोकणातल्या घराचा अस्सलपणा पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, भिंतीच्या किती बाहेर येतं यात असतो. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. जुन्या लोकांनी घराला पडवी काढली ती बसून चहा प्यायला नव्हे, पावसाचा फटकारा भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून. पडवी ही भिंतीची छत्री. पडव्या चारी बाजूंनी काढल्यात, निदान पश्चिमेला आणि दक्षिणेला, आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब पडेल असं बघितलंत, तर वर कौल आहे की पत्रा यावर मी भांडणार नाही. पडवी नसेल तर चिरा कितीही खरा असो, तिसऱ्या वर्षी भिंतीला शेवाळाची हिरवी लुंगी नेसवलेली दिसेल.

चिरा लावायचाच तर भरीव लावा, भिंत म्हणून. एक मजली घराचा भार तो आरामात घेतो. खाणीवर स्वतः जा. नुकता काढलेला मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, त्यामुळे काढल्या काढल्या बांधायची घाई करू नका. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे डोळे असलेला चिरा परत करा, ती माती पावसात वाहून जाते आणि भोक उरतं. बाहेरून गिलावा करू नका, नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी, भरा. आणि गवंडी म्हणाला 'जुन्या घरांना कुठे पट्टा होता', तरी दारं-खिडक्यांच्या वर सगळीकडून काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा फळीवरची भांडी खाली आली होती, असं आजी सांगायची. त्या पट्ट्याने तुमचं घर कमी कोकणी होत नाही.

लाकडाबद्दल एक गोष्ट आमच्या सुताराने सांगितली ती इथे टाकतो. जुन्या घरात वासे पन्नास-साठ वर्षं टिकले त्याचं श्रेय सगळे ऐन-किंजळीला देतात. त्याच्या मते निम्मं श्रेय चुलीला. रोजचा धूर वर जाऊन वाशांना बसायचा, किडा लागत नसे. घरात गॅस आला आणि दहा वर्षांत वाशांतून पीठ पडायला लागलं. आमच्याकडे तसंच झालं. अण्णांनी होमस्टेमध्ये चूल ठेवलीय, पण ती पाहुण्यांना फोटो काढायला. पेटवली तर वरचे स्मोक डिटेक्टर वाजतात.

तुमच्या आर्किटेक्टवर मी उगाच चिडलोय असं वाटत असेल तर थोडं खरंही आहे. बाहेरच्या माणसाने स्थानिक घर बांधू नये असं माझं म्हणणं नाही. लॉरी बेकर इंग्लंडचा आर्किटेक्ट, केरळात अनेक वर्षं राहिला, तिथल्या गवंड्यांबरोबर उन्हात उभा राहून शिकला. त्याने जुनी कौलं स्लॅबच्या वर शोभेला लावली नाहीत, आत घातली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ते काम लोखंडाचं. मग तिथे काँक्रीटऐवजी कौलं भरली, सिमेंट वाचलं आणि खालून छतही सुरेख दिसलं. तुम्हाला स्लॅबच हवा असेल तर आर्किटेक्टला हे विचारा. त्याला माहीत असणार, फक्त त्याचं बिल कमी होईल.

आणि पत्र्याची बाजू घेतोय म्हणून पत्रा घाला असं समजू नका. एप्रिलमध्ये आमच्या माजघरात दुपारी बसवत नाही, खाली लाकडी सीलिंग घातलं तेव्हा थोडं निभावलं. जुलैत पाऊस लागला की आईला टीव्ही ऐकू येत नाही, ती नुसती चित्रं बघते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझे सात पत्रे उडाले. एक शेजाऱ्याच्या हापूसच्या कलमाला गुंडाळलेला सापडला, त्याची भरपाई मी दिली. अण्णांचा संध्याकाळी फोन, "बघ, कौलं असती तर..." पडवीवरची साठ कौलंही गेली होती, ते मी सांगितलं नाही. नंतर सेल्फ स्क्रू दुप्पट मारले आणि टोकांना लोखंडी पट्टी घेतली. हे तुम्हीही आधीच करून घ्या, वादळानंतर सगळीकडे सगळ्यालाच भाव येतो.

एक राहिलं. तुम्ही तिथे वर्षातून किती दिवस राहणार, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. पंधरा दिवस राहणार असाल तर कौलारू घर बांधूच नका. कौलाला माणूस लागतो, रोज खालून वर बघणारा. बंद घराचं एक कौल सरकलं की तीन महिन्यांत वासा कुजतो. मग सरळ आरसीसी बांधा, मोठी पडवी काढा, चुन्याचा हात द्या आणि त्याला कोकणी म्हणू नका, नुसतं घर म्हणा. गावात कोणी नावं ठेवणार नाही. गावात अण्णांच्या घरालाही कोणी नावं ठेवत नाही, मी सोडून.

कौलं चाळणारा माणूस मिळेल का, असं कोणीतरी खाली विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आता करतो. पडवीचं आमचं तोच करतो. पण तो कौल वाजवून बघत नाही, नुसतं डोळ्याने बघतो, त्यामुळे दर वर्षी दोन-तीन चीर गेलेली वर राहतातच.

उतरवलेली चांगली कौलं, सातशेच्या आसपास, परसात रचून ठेवली आहेत. आई हळदीच्या वाफ्यांना कड म्हणून लावते. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला, होमस्टेच्या दर्शनी भिंतीत जुनी छापाची कौलं बसवायची आहेत, 'अँटिक' म्हणून, दोनशे देशील का? म्हटलं, घर सामाईक, कौलंही सामाईक, फुकट न्या. फक्त वैशाखात एक दिवस या आणि त्या मुलाबरोबर पडवीवर चढा. "बघतो," म्हणाले. ढिगाचा तळ चार-पाच वर्षं हलवलेला नाही, आत विंचू असणार, तेही त्यांना सांगायला हवं होतं.